प्रेम दाखवावे लागते

"मनात प्रेम आहे ना, मग ते दाखवायची काय गरज?" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. मुलगा परीक्षेत पहिला आला तरी वडील "बरे झाले" एवढेच म्हणतात आणि मुलाने त्यातच सारे ओळखायचे असते. घरात हे खपून जाते, कारण घरची माणसे रोज डोळ्यांसमोर असतात. पण जिथे माणसे आठवड्यातून एकदा भेटतात, त्या चर्चमध्ये हे चालेल काय? माझे मत असे आहे की चालणार नाही. न दाखविलेले प्रेम दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि जे पोचत नाही त्याचा भुकेल्याला काय उपयोग?

मी रामनगरचा. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्याला जाताना आमचे गाव लागते. काळी नदीवरचे सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. मूळचे सुपा गाव आणि आसपासची खेडी पाण्याखाली गेली, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला हलले आणि उठलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी रामनगरला येऊन वसली. आमचे कुटुंब त्यांतलेच. आजी म्हणते, "घर पुन्हा बांधले, पण शेजार काही बांधता आला नाही." भरपाईच्या यादीत घर असते, जमीन असते, झाडे असतात, शेजार नसतो. तो माणसांनीच एकमेकांना द्यायचा असतो. म्हणून आमच्यासारख्या गावात चर्च हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण नाही. मोडलेला शेजार पुन्हा जुळण्याची ती एक जागा आहे.

निदान असायला हवी. प्रत्यक्षात रविवारी काय दिसते? कोकणी बोलणारी कुटुंबे एका बाजूला, मराठी बोलणारी दुसऱ्या बाजूला, नोकरीधंद्यासाठी आलेले कन्नड बोलणारे मागच्या बाकांवर. कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. फक्त कोणी कोणाकडे जात नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना ही अडचण ठाऊक होती असे वाटते. नव्या करारातील पत्रांत पाच ठिकाणी, चारदा पौलाने आणि एकदा पेत्राने, एकमेकांना चुंबन देऊन भेटण्यास सांगितले आहे. त्या मंडळ्यांत यहुदी होते, ग्रीक होते, धनी होते आणि गुलामही होते. मनातल्या मनात प्रेम करा, एवढ्यावर त्या दोघांनी भागविले नाही. शरीराने करावयाची एक खूण त्यांनी सांगितली.

पुढे कॅथॉलिक उपासनेत ही शांतीची खूण बहुतांशी वेदीजवळच्या धर्मगुरूंपुरती उरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासनेत जे बदल झाले, त्यांत ती पुन्हा बाकांवरच्या सर्वसामान्य माणसांकडे आली. भारतात चुंबन रुचणार नाही हे ओळखून १९६९ साली रोमने आपल्या देशासाठी ज्या बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यांत ही खूण हात जोडून करण्याचीही मुभा होती. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आपला नमस्कार कोणाला अवघडवीत नाही. स्त्री-पुरुष, लहान-मोठे, सर्वांना तो सारखाच शोभतो.

परंतु नमस्कारात एक धोकाही आहे. तो न बघताही करता येतो. डावीकडे हात, उजवीकडे हात, मान थोडी मागे, की झाले काम! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चर्चचे दार बंद झाले. दार उघडल्यावर हस्तांदोलन बंद आणि मधले बाक रिकामे. तेव्हा आजी मला म्हणाली होती, "लांबून हात जोड बाबा, पण माझ्याकडे बघून जोड." तेव्हा मी हसलो होतो.

त्या बोलण्याचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला. आजीचे गुडघे धरले आणि तीन महिने तिचे चर्चला जाणे बंद झाले. दर रविवारी दाराशी मला कोणी ना कोणी विचारी, "आजी कशी आहे?" मी म्हणे, "बरी आहे." विचारणारा पुढे जाई, मीही पुढे जाई. मी कोणाला दोष देत नाही, कारण इतरांच्या आजारपणात मी हेच केले आहे. एके दिवशी दुपारी मागच्या बाकावर बसणारी एक बाई आमच्या घरी आली. पिशवीत थोडे कंद होते. तिचे मराठी मोडके, आजीचे कन्नड त्याहून मोडके. तरी ती तासभर बसली, आजीच्या गुडघ्यांना तेल चोळले आणि संध्याकाळ व्हायच्या आत निघून गेली. आजीने मला विचारले, "तिचे नाव काय रे?" मला सांगता येईना. कित्येक वर्षे दर रविवारी मी तिच्याकडे वळून हात जोडत होतो, आणि मला तिचे नाव ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, दाखविण्यातून ढोंग वाढेल. वाढू शकेल. पण ढोंगाच्या भीतीने कोरडे राहावे हा काही उपाय नव्हे. सवय आधी आणि भावना मागून, असेही पुष्कळदा घडते. लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास गेल्या, तरी सुरुवातीला त्यांचे सोवळे सुटले नव्हते. पतीवर प्रेम होते, पण इतरांच्या हातचे पाणी चालत नव्हते. विचार करून त्यांनी ते सोडले आणि मग १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी हातचे पाणी, मग बाकीचे. आपल्या बाकाबाकांमधले सोवळे याहून फार निराळे आहे काय?

दुसरा आक्षेप असा की सलगी वाढली की चौकशी वाढते आणि चौकशीतून चहाडी. हे मात्र खरे आहे. म्हणून प्रेम दाखविताना समोरच्याचे मन आणि अंतर दोन्ही सांभाळावे. ज्याला बोलायचे नाही, त्याच्याजवळ नुसते बसावे. आलेली बाई आजीला काही विचारीत नव्हती.

माझे सांगणे थोडक्यात असे. महिन्यातून एका रविवारी आपण नेहमीचा बाक सोडून दुसऱ्या भाषेच्या बाकावर बसावे. दोन रविवार जो दिसला नाही, त्याच्या घरी स्वतः जावे. आणि ज्याला शांती देतो, त्याचे नाव विचारावे. यासाठी ठराव नको, वर्गणी नको, समितीही नको. आमच्या कॉलेजातही हे करून पाहण्यासारखे आहे. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे आणि मराठी विभागात लिहिणारे आपण एकाच वर्गात बसतो. एकमेकांचे लेख किती वाचतो?

आजी आता काठी टेकीत पुन्हा चर्चला येते. ती आमच्या बाकावर बसत नाही, मागे जाऊन त्या बाईच्या शेजारी बसते. त्या दोघी काय बोलतात, कोणत्या भाषेत बोलतात, कोण जाणे. मी बाईंचे नाव विचारून घेतले आहे.