एकच राऊटर असेल, तर अपडेट भर दुपारी नको

जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं दुकान असो, धुळ्याच्या आग्रा रोडवरची पतसंस्था असो, की रावेर-यावलकडचं आपले सरकार सेवा केंद्र. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एकच राऊटर आणि बिलिंग, दाखले, सातबाऱ्याच्या प्रिंट, कॅमेरे असं सगळं त्याच्याच जिवावर. तो बंद, की काम बंद. अशा सगळ्यांना कळकळीची विनंती आहे : राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट जरूर करा, पण बिघडलं तर मागे कसं यायचं, हे आधी ठरवा आणि मगच बटण दाबा.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असं बरेच जण म्हणतात. ते मला पटत नाही. आपल्याकडचे बरेच केबल-इंटरनेटवाले वापरतात त्या मिक्रोटिक राऊटरमध्ये 2018 साली एक मोठी फट सापडली. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. तरी पुढे कित्येक महिने जगभरातले लाखो राऊटर जुन्याच सॉफ्टवेअरवर चालत राहिले आणि चोरट्यांनी ते ताब्यात घेऊन लोकांच्या कॉम्प्युटरवर आभासी चलन काढलं. दुकानदाराला एवढंच दिसायचं, की नेट मंद झालंय.

अपडेट करताना आत काय होतं, ते समजून घ्या. साध्या राऊटरमध्ये सॉफ्टवेअर ठेवायला बहुधा एकच जागा असते. जुनं पुसलं जातं आणि त्याच जागी नवं लिहिलं जातं. महागड्या यंत्रांत दोन प्रती असतात; एक बिघडली तर दुसरीवर यंत्र उठतं. आपल्याकडच्या साध्या राऊटरला ती सोय सहसा नसते. लिहिणं चालू असताना वीज गेली, तर जुनंही नाही आणि नवंही नाही.

आणि वीज आपल्याकडे कशी जाते, हे सांगायला नको. मे-जूनच्या वादळाच्या दिवसांत, आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढूच नका. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत क्षणभर पुरवठा तुटतो. पंख्याला ते कळत नाही, पण राऊटर तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो. त्यासाठी यूपीएस लागतो. राऊटरसाठी छोटा 12 व्होल्टचा मिळतो. आपल्या ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि ॲम्पिअरचा आकडा दाखवूनच घ्या.

वेळ रात्रीची निवडा, दुकान वाढवल्यानंतरची. सेवा केंद्रवाल्यांनी जुलैअखेर, खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना, राऊटरला हातही लावू नये. दारात शेतकऱ्यांची रांग असते आणि पोर्टल आधीच दमवत असतं.

आता तयारी. राऊटर उलटा करून खालचं लेबल वाचा. मॉडेलच्या नावापुढे व्ही 2, व्ही 3 असं काही छापलेलं असतं. नाव तेच, पण आतलं हार्डवेअर वेगळं. एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर यंत्र कायमचं बसू शकतं. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. जुन्या आवृत्तीची फाइलही मिळाली तर उतरवून ठेवा, कारण नेट गेल्यावर ती कुठून आणणार? इंटरनेटचं युजरनेम-पासवर्ड ऑपरेटरकडून मागून वहीत लिहा. सेटिंगचा बॅकअप घ्याच, पण तो अपडेटनंतर उघडेलच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. काम वायफायवरून करू नका, लॅनची वायर लावा. आणि फायबरचा डबा ऑपरेटरने दिलेला असेल, तर त्याला स्वतः हात लावू नका. ‘भाऊ, याचं अपडेट झालंय का?’ एवढं त्यांना विचारा.

मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी हवा आणि तो दुसऱ्या कंपनीचा हवा. 8 जुलै 2022 रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचं नेटवर्क सुधारणेच्या कामात बसलं. एका राऊटरवरची एक गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा आला आणि मुख्य राऊटर कोलमडले. एक कोटीहून जास्त ग्राहक अडकले, देशभर डेबिट कार्डं चालेनात. टोरांटोकडच्या मराठी घरांनीही तो दिवस काढला. कंपनीच्या इंजिनिअरांचे फोन त्याच नेटवर्कवर, बिघडलेल्या यंत्रांपर्यंत पोचायची वाटही त्यातूनच. शेवटी त्यांच्यासाठी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं धाडावी लागली. तुमची फायबर लाइन आणि सिम एकाच कंपनीचं असेल, तर दुसऱ्या कंपनीचं एक साधं सिम चालू ठेवा.

जुना राऊटर भंगारात देऊ नका. तो वेग कमी देईना का, त्यात सगळी सेटिंग भरून, एकदा खरोखर लावून बघून, कपाटात ठेवा. पतसंस्था आणि दवाखान्यांनी तर दुसरा राऊटर विकतच घ्यावा. एक दिवस बंद पडल्याचं नुकसान त्याहून मोठं असतं.

अपडेट सुरू झालं की दिवे लुकलुकतील, विझतील, पुन्हा लागतील. त्या वेळात बटण बंद-चालू करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नेट आलं म्हणून शटर ओढून घरी जाऊ नका. प्रिंटर, कॅमेरे, बिलिंग आणि हजेरीचं मशीन एकेक चालवून बघा. ॲडमिनचा पासवर्ड तोच जुना असेल तर बदला आणि बाहेरून राऊटर उघडायची सोय लागत नसेल तर बंद करा. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा तास आधी उघडा. काही राहिलं असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आत ऑपरेटरला फोन लावता येईल.