‘सर्व्हर डाऊन’ ही सुलतानीच

दुष्काळ पडला, बोंडअळी आली, अवकाळीत ज्वारी काळी पडली, तर आपण सोसतो. ती अस्मानी. पण नोंदणीच्या शेवटच्या दिवशी खिडकीवरचा बाबू मान वर न करता ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणतो, तेव्हा तेही आपण पावसासारखेच ऐकून घेतो आणि एस.टी. धरून परत येतो. शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, इथेच आपण फसतो.

क्लाऊड नाव असले तरी तो सर्व्हर काही ढगात नसतो. कुणाच्या तरी इमारतीतले भाड्याचे यंत्र ते. अमेझॉनने असे संगणक भाड्याने द्यायला २००६ साली सुरुवात केली. २०१६ पासून त्यांची केंद्रे मुंबईतही आहेत. यंत्र आहे म्हणजे ते कधीतरी बंद करून चालू करावे लागणार. सुरक्षेची दुरुस्ती घातली, लिनक्सचा गाभा बदलला की रीबूट आलेच. काही मिनिटांचा मामला. मग तीन-तीन दिवस डाऊन कशाने?

आमच्याच अंगावर आले म्हणून कळले. कापसाच्या काटापट्ट्या आणि मिळालेले भाव नोंदवायला आम्ही एक साधे वेब अॅप्लिकेशन भाड्याच्या सर्व्हरवर टाकले होते. आमच्या पोराने ते हाताने चालू केले; लॅपटॉप मिटला तरी चालत राहील एवढीच सोय केली. महिनाभर झकास. एका रात्री सर्व्हर रीबूट झाला. सर्व्हर उठला, अॅप्लिकेशन उठले नाही. पोरगा लग्नाला गेलेला. दोन दिवस नोंदी बंद. आम्ही त्याला नाही नाही ते बोललो, आणि मग आमचीच आम्हाला लाज वाटली. विहिरीवरच्या मोटारीला आपण ऑटो लावतो की नाही? लाइट रात्री दोनला येते, माणूस घरी झोपलेला असतो, तरी मोटार सुरू होते. सर्व्हरला ऑटो लावायचे आम्हालाच सुचले नव्हते.

लिनक्समध्ये हा ऑटो फुकट मिळतो. सिस्टिमडी त्याचे नाव, २०१० पासून आहे. यंत्र उठले की बाकीच्यांना उठवायचे, हे त्याचे काम. दहा-बारा ओळींची फाइल लिहायची: प्रोग्राम कुठे आहे, कुणाच्या नावाने चालवायचा, मेला तर पुन्हा उठवायचा का. मग दोन आज्ञा. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर. ‘एनेबल’ म्हणजे यंत्र जेव्हा जेव्हा उठेल तेव्हा चालू कर. सगळी गोम इथे आहे. स्टार्ट केले आणि एनेबल विसरले, तर आज उजेड आणि पुढच्या रीबूटला अंधार. ‘मेला तर उठव’ ही ओळ त्या वेळी कामाला येत नाही. चालता चालता कोसळलेल्या प्रोग्रामसाठी ती आहे. डेटाबेसही एनेबल हवा, नाहीतर विहिरीत पाणी नसताना मोटार फिरल्यासारखे होते. आणि एवढे करून भरदिवसा, सगळे हजर असताना, मुद्दाम रीबूट करून पाहायचे. आम्ही तीनदा केले. तिन्ही वेळा उठले.

जे आमच्या पोराला एका दुपारी जमले, ते पगारी साहेबांना का जमू नये?

आमचा संगणकाला विरोध नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारे आम्हीच. पण २०२१ पासून पीक पाहणी मोबाइलवर गेली. २०२५च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी सक्तीची झाली. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०. नोंदणीची तारीख हुकली की हे आकडे कागदावर राहतात आणि कापूस खेडा खरेदीत जातो. यंत्र सक्तीचे, मग ते उठते ठेवणेही सक्तीचे नको?

गर्दीने सर्व्हर कोसळणे वेगळे, त्याचे उपाय वेगळे. पण कोणते दुखणे आहे हे विचारल्याशिवाय कळायचे कसे? म्हणून यापुढे कुठल्याही कार्यालयात ‘डाऊन’ ऐकले की तिथेच लेखी अर्ज द्या. सर्व्हर कधी बंद झाला, रीबूट झाला असेल तर अॅप्लिकेशन आपोआप का उठले नाही, रीबूटची चाचणी याआधी कधी घेतली, आणि जितके दिवस बंद तितके दिवस मुदत वाढवणार की नाही. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाचा नमुना जिल्हा बैठकीत मिळेल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.