फ्रॉकमधली ती मुलगी कोण?

जुन्या फोटोतली फ्रॉकवाली ‘मुलगी’ बरेचदा कुणाचे तरी आजोबा निघतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४चा फोटो बघा: घोळदार पांढरा झगा, खांद्यापर्यंत रुळणारे केस, हातात पीस लावलेली टोपी, पायात चकचकीत बूट. वय अडीच वर्षं! तिकडे तेव्हा मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झग्यातच वावरत. लंगोट बदलणाऱ्या आयांना विजारीच्या बटणांपेक्षा ते सोयीचंच. मग ओळखायचं कसं? मी आधी भांग बघतो. तिरका असला तर मुलगा, मधोमध असला तर मुलगी. पण बहुधाच, कारण हट्टी केसांना कसले आलेत नियम! मग नजर बुटांमागे. तिथे लोखंडी स्टँडचा पाया दिसला, की ‘मेलेल्या पोराला उभं करून काढलेला फोटो’ अशी आवई उठते. शुद्ध थापा. स्टँड होता तो जिवंत पोराची मान काही सेकंद हलू नये म्हणून. निर्जीव देहाचा भार त्याला पेललाच नसता. आणि तान्ह्या बाळाच्या खुर्चीवरच्या चादरीतून एखादा हात बाहेर आलेला दिसला, तरी दचकू नका. खाली आई बसलीय, चुळबुळ्या लेकराला घट्ट धरून.