घराचा माल कोठें घ्यावा ?

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आम्हांस देऊन ठेवणाऱ्या पूर्वजांनीं घराचा माल कोठून आणावा हें कांहीं सांगून ठेविलें नाहीं. त्यांस तें सांगण्याचें प्रयोजनहि नव्हतें. वऱ्हाडांतील जुनें घर गांवच्या मातीनें, जवळच्या दगडानें आणि मेळघाटच्या सागवानानें उभें राही. विकत घ्यावयाचें तें थोडें, आणि तेंहि ओळखीच्या माणसाकडून. आतां चांदूर बाजारांत घर काढणाऱ्या गृहस्थास रेतीपासून रंगापर्यंत सारेंच विकत आणावें लागतें, आणि सेवानिवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी बहुधा त्यांतच जाते. म्हणून या खेपेस आम्हीं हाच विषय घेतला आहे.

सारा माल अमरावतीहून आणावा कीं गांवांतच घ्यावा, असा वाद घरोघर होतो. आमच्या मतें हा प्रश्न एकाच उत्तराचा नव्हे. जो माल जड व स्वस्त, त्याची किंमत भाड्यानेंच वाढते. रेती, गिट्टी, मुरूम, विटा हीं जवळचींच घ्यावीं. जो माल हलका व महाग, म्हणजे नळ, तोट्या, विजेच्या तारा, खटके, त्यासाठीं अमरावतीची एक फेरी सहज फिटते, कारण तेथें दहा दुकानें पाहून भाव ठरवितां येतो. सिमेंट आणि सळाखा यांचें तंत्र मात्र निराळें आहे. तें पुढें सांगतों.

आधीं रेती. आमच्याकडे ती ट्रॉलीवर विकली जाते, आणि ट्रॉली म्हणजे एक ब्रास असें तोंडी ठरतें. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आंतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच भरली असेल तर हिशेब ९० घनफुटांचा होतो. दहा ट्रॉल्यांत एक ब्रास गेलाच. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. किंचित् ओली रेती फुगते. तिचें आकारमान कोरड्या रेतीहून चतुर्थांशानें देखील वाढूं शकतें, आणि तें फुगलेलें मापच आपण विकत घेतों. खात्री पाहिजे असल्यास एक सरळ कडांचा डबा ओल्या रेतीनें कांठोकांठ भरावा, रेती बाहेर काढून तोच डबा अर्धा पाण्यानें भरावा व तीच रेती थोडी थोडी सोडून ढवळावी. ती डब्याच्या कांठापासून किती खालीं बसते तें पाहिलें म्हणजे भाव कसा करावा हें कळेल. मातीची परीक्षा तर लहान मुलेंहि करूं शकतील. कांचेच्या बरणींत रेती व पाणी हालवून तीन तास ठेवावें. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती परत पाठवावी. वाहतुकीचा सरकारी परवाना मागण्यास संकोच करूं नये. पूर्णेच्या पात्रांतून रात्रीं उपसलेली रेती कांहीं रुपयांनीं स्वस्त पडते खरी, परंतु पकडली गेली तर काम अडतें, आणि नदीचें काय होतें तें तिच्या कांठच्या विहिरींस विचारावें.

सळाखांविषयीं एक त्रैराशिक सांगतों. आमचा शिक्षकी स्वभाव वाचक सोसतील. सळाखेच्या जाडीचा मिलिमीटरांतील वर्ग करून त्यास १६२ नें भागिलें कीं एक मीटरचें वजन किलोग्रॅममध्यें येतें. बारा मिलिमीटरच्या सळाखेचें वजन मीटरला ०.८९ किलो, आणि बारा मीटरच्या अखंड सळाखेचें सुमारें १०.७ किलो. दहा सळाखा काट्यावर टाकल्या कीं १०७ किलोंच्या आसपास भरल्या पाहिजेत. भारतीय मानकानुसार या जाडीस पांच टक्क्यांपर्यंत कमीअधिक चालतें, त्याहून कमी नव्हे. कोणी म्हणेल, वजनावरच घेतों तर तोटा कसला ? पैशाचा नाहीं हें खरें; पण मिस्त्री स्लॅबमध्यें सळाखा मोजून घालतो, तोलून नव्हे, आणि मग छतांत लोखंड कमी जातें. कौटिल्यानें वजनमापांवर देखरेख करण्यासाठीं पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी नेमण्यास सांगितलें आहे, त्या अर्थीं हा रोग नवा नसावा. जालन्याच्या कारखान्यांतील सळाख गांवांतहि मिळते व अमरावतींतहि. दोन्ही भाव भाड्यासह लिहून ताडून पाहावे.

सिमेंट मात्र गांवांतच, आणि लागेल तसें घ्यावें. चंद्रपूर जिल्ह्यांत गडचांदूर, आवारपूर या बाजूस मोठे कारखाने असल्यामुळें ताजा माल इकडे येण्यास अडचण नाहीं. बोरीवर भरल्याचा आठवडा व वर्ष छापलेलें असतें, तें वाचल्याशिवाय बोरी उतरवूं नये. तीन महिने उलटलेलें सिमेंट तपासल्यावांचून वापरूं नये असा नियम आहे. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांनीं बोरीमागें थोडी सूट मिळते म्हणून ज्येष्ठांतच सारें सिमेंट एका दुकानांतून उचललें. पावसानें काम थांबलें आणि दसऱ्यास कितीएक बोऱ्यांत खडे निघाले. कांहीं बोऱ्यांवर पोझोलाना असें लिहिलेलें असतें व त्यांत राख मिसळली आहे म्हणून लोक बिचकतात. ती भेसळ नव्हे; १५ पासून ३५ टक्क्यांपर्यंत राख मानकासच मान्य आहे. मात्र असल्या कामास निदान दहा दिवस पाणी मारावें.

विटा दोन एकमेकींवर वाजवाव्या, आणि एक वीट दिवसभर पाण्यांत ठेवून तोलावी. तीन किलोंची वीट ३.६ किलोंपलीकडे गेली तर ती कच्ची. सागवान परतवाड्यास जाऊनच पाहावें, व वनखात्याचा हातोड्याचा छाप आणि वाहतूक परवाना यांवांचून घेऊं नये.

आतां उधारीविषयीं. आमच्या भागांत संत्र्याचा बहार विकला कीं पैसे देऊं, या बोलीवर दुकानदार माल देतो; त्यांत त्याचा उपकारहि असतो. पण ज्यास आज भाव विचारतां येत नाहीं त्यास उद्यां मालहि परत करतां येत नाहीं. म्हणून रोकडीचा भाव व उधारीचा भाव दोन्ही आधीं लिहून मागावे. मधील अंतर हें व्याजच होय, आणि तें बँकेच्या व्याजाहून पुष्कळदां जड निघतें. बिल नको असेल तर स्वस्त देतों, या बोलण्यास भुलूं नये. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हां मोहाचें कारणहि कमी झालें. आणि बिलावांचून अमरावतीच्या ग्राहक आयोगापुढें काय दाखवावयाचें?

मालासह ठेका देणाऱ्यांचे हे सारे कष्ट वांचतात, परंतु निवडहि जाते. शक्य तर मजुरीचाच ठेका द्यावा, आणि मालाची वही घरच्या गृहिणीकडे असावी. ट्रॉली येते तेव्हां बहुधा त्याच घरीं असतात, आणि आमच्या पाहण्यांत तरी त्यांच्या वहींत खाडाखोड कमी असते.

एक वस्तु कोणी विकत घेत नाहीं म्हणून तिची परीक्षाहि करीत नाहीं, ती म्हणजे पाणी. दर्यापूर, भातकुलीकडील खारपाणपट्ट्यांत ज्यांचें घर होत असेल त्यांनीं विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत दाखवावें. लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठीं लिटरमागें ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड चालत नाहीं. तसलें पाणी निघाल्यास गोड्या पाण्याचा टँकर सांगावा व त्याचा खर्च प्रथमपासूनच अंदाजपत्रकांत धरावा.