रंगीत गाय आणि ‘याचा उपयोग काय?’

या वीकेंडला ट्रेकचा बेत होता. पण शनिवारी सकाळीच मावसभावाचा मेसेज आला, ‘दादा, माझा कोड बघतोस का?’ आणि दिवस गेला.

पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून त्याने पायथनमध्ये कमांड लाइनवर चालणारा एक प्रोग्रॅम लिहिलाय. त्याला अक्षरांनी काढलेलं चित्र द्यायचं, म्हणजे समजा ‘काउसे’ची ती गाय, आणि तो ते इंद्रधनुष्यी रंगवून देतो. जेमतेम १२० ओळी. गाइडने बघितलं आणि विचारलं, "याचा उपयोग काय? अटेंडन्स सिस्टीम कर." माझ्या ऑफिसमधल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "हे तर लोलकॅट करतंच की."

दोघांवरही माझी सटकली.

अटेंडन्स सिस्टीम! म्हणजे लॉगिनचं पान, चार टेबलं आणि दुकानातून पेन ड्राइव्हवर आणलेला कोड. मला माहितीय, कारण आमच्या ग्रुपने तेच केलं होतं. लायब्ररी मॅनेजमेंट. डेटाबेसचा पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मार्क मात्र झकास पडले! ‘उपयोगी’ होता ना प्रोजेक्ट. सबमिशननंतर तो कुणीच कधी उघडला नाही, हा भाग वेगळा.

आता या ‘निरुपयोगी’ गायीकडे बघू. रंग दिसतो तो टर्मिनलला पाठवलेल्या गुप्त खुणांमुळे: एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि एम, की पुढचं सगळं लाल. या खुणांचं घराणं १९७०च्या दशकातलं. १९७८चा व्हीटी-१०० टर्मिनल त्यांच्यावरच चालायचा (त्याला स्वतःला रंग नव्हते, ते सोडा). एवढं समजून घ्यायला पोराला दोन रात्री लागल्या, आणि त्या त्याने स्वतः घालवल्या.

कोडमध्ये चुका होत्याच, लाड केले नाहीत. आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर गायीऐवजी कचरा येत होता, कारण समोर टर्मिनल आहे की फाइल हे ‘आयएसएटीटीवाय’ला विचारलंच नव्हतं. मध्येच कंट्रोल-सी दाबलं तर अख्खा प्रॉम्प्ट जांभळा. रंग पूर्ववत करणारी शून्याची खूण शेवटच्या ओळीत होती आणि तिथवर कोड पोचतच नव्हता. हे दोन्ही अर्ध्या तासात सुटलं.

मग मी सहज म्हणून ‘क्षितिज’ टाईप केलं. आणि बोंबललं!

वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, क्षचा पाय मोडलेला. कारण साधं आहे. आपल्याला दिसतात तीन अक्षरं, पण युनिकोडच्या हिशेबात ते सात तुकडे: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्याआधी रंगाची खूण घालत होता, म्हणजे जोडाक्षराच्या मध्येच पाचर मारत होता. इंग्रजीत हा बग दिसलाच नसता.

रात्री एक वाजता त्याचा फोन. "दादा, मग अक्षर म्हणजे नक्की काय धरायचं?" अहो गाइडसाहेब, हाच तो तुमचा रिअल लाइफ प्रॉब्लेम! देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या तुकडे पाडण्याच्या मूळ नियमांत २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. तोवर त्या नियमांप्रमाणे ‘क्ष’चेसुद्धा दोन भाग पडायचे. फॉर्ममध्ये आडनाव मोजताना, मेसेज कापताना, बॅकस्पेस दाबल्यावर आपली भाषा मोडते ती याच जागी. आणि तिथवर हे पोरगं अटेंडन्समुळे नाही, गाय रंगवताना पोचलं.

लोलकॅट आधीच आहे म्हणणाऱ्या मित्राबद्दल काय बोलू. लायब्ररी मॅनेजमेंट जणू आम्हीच पहिल्यांदा केली होती!

असो. विषय बदलायची मुदत सोमवारपर्यंत आहे. मी त्याला सांगितलंय की बदलू नकोस, आणि गाइडला डेमो देताना ‘क्षितिज’च चालवून दाखव, आधी जुना कोड, मग नवा. घाबरलाय बिचारा. ‘त्यांनी मार्क कापले तर?’ म्हणतो. कापतीलही.

दरम्यान एक बग अजून शिल्लक आहे. रंग नको असणाऱ्यांसाठी ‘नो कलर’ नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असतो, तो हा प्रोग्रॅम अजून जुमानत नाही. आज संध्याकाळी बसतोय आम्ही.