चपरास कोणाच्या छातीवर?

‘चपराशी’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण त्यातली ‘चपरास’ आता कोणाला आठवत नाही. चपरास म्हणजे पट्ट्यावर लावायचा पितळी बिल्ला. तो ज्याच्या अंगावर, तो चपराशी. साहेबाला बिल्ला नव्हता. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडाला होता, स्टेशनमास्तरच्या वरच्या साहेबाला नव्हता. ज्याच्या हाताला काम त्याच्या अंगावर बिल्ला, आणि ज्याच्या हाताला सही त्याचे अंग मोकळे, असा हा आपल्याकडचा जुना शिरस्ता!

तो मोडला, असे कागद सांगतो. सर्व अधिकारी-कर्मचाऱ्यांनी कचेरीत ओळखपत्र दर्शनी भागावर लावावे, अशी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाची आज्ञा आहे, आणि ती एकदा काढून भागलेले नाही. जी आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते, ती पाळली जात नाही हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? ओळखपत्र असते, पण खिशात, नाहीतर टेबलाच्या खणात.

आता तेल्हाऱ्याचा एखादा शेतकरी अकोल्याच्या कचेरीत आला आहे, अशी कल्पना करा. वेचणीचा दिवस मोडून, एस.टी.चे भाडे भरून आलेला. त्याने आधार कार्ड दाखवायचे, सातबारा दाखवायचा, पासबुक दाखवायचे. त्याच्या बोटांचे ठसे सरकारजवळ, बुबुळांचे चित्र सरकारजवळ. आणि टेबलापलीकडून ‘उद्या या’ म्हणणारा कोण, हे मात्र त्याला ठाऊक नाही! घरी कारभारणीने विचारले, ‘झालं काय काम?’ तर हा सांगतो, ‘थो चष्म्यावाला म्हने, उद्या या.’ चष्म्यावाल्याविरुद्ध अर्ज कसा करायचा?

कायदे आहेत. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे विनाकारण सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. २००५च्या माहिती अधिकारात दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार. हा दंड खुर्चीला होत नाही, माणसाला होतो; आणि माणसाला नाव असते. जबाबदार अधिकारी कोण हे भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असायला हवे, हेही खरे. पण फलकावरचे नाव आणि टेबलामागचा चेहरा यांची गाठ कोण घालून देणार? हे काम छातीवरच्या पट्टीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटक करणाऱ्या पोलिसाने नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावलीच पाहिजे, असे बजावले ते उगाच नव्हे. निनावी अधिकार हा बेदरकार होतो.

कोणी म्हणेल, नाव कळले की गावगुंड घरापर्यंत येतात, नोकरदार स्त्रियांना त्रास होतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून पट्टीवर नाव आणि हुद्दा एवढेच असावे. पत्ता, फोन, जन्मतारीख यांच्याशी जनतेला कर्तव्य नाही.

परंतु आपली पाळत नेमकी उलट्या दिशेने चालते. २०२० साली नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटांवर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे होती. झाडणारी बाई कोणत्या गल्लीत उभी आहे हे क्षणोक्षणी कळावे. साहेब कोठे आहेत म्हणाल, तर ‘मीटिंगमध्ये’ यापलीकडे शिपायालाही पत्ता नसावा! हा न्याय कोणत्या पोथीतला?

ज्या गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गेले, त्यांच्या हातातला झाडू आणि जवळचे गाडगे हीच त्यांची ओळखपत्रे होती. लोकांनी त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव दिले. हाती घेतलेले काम चारचौघांत दिसत होते. ओळख लपवायची गरजच नव्हती.

तेव्हा मागणी साधी आहे. ओळखपत्राची सक्ती वरून सुरू व्हावी. आधी जिल्ह्याचे आणि शहराचे सर्वोच्च अधिकारी, मग टेबलावरचे कारकून, आणि शेवटी शिपाई. अक्षर मराठी असावे, आणि टेबलाच्या अलीकडून चाळिशीच्या माणसाला वाचता येईल एवढे मोठे असावे. दिवाळीला घरातले खण आपण झाडून काढतोच. यंदा कचेरीतलेही झाडले, तर किती ओळखपत्रे सापडतील!