मांजरीचा कौल

घरात नवी सून आणायची म्हटली की चार वडीलधाऱ्यांना विचारतात, पत्रिका पाहतात, मुलीचा स्वभाव कसा याची दहा ठिकाणी चौकशी करतात. मांजराचे पिल्लू आणायचे मात्र कोणाच्या मनात आले की ते पिशवीत घातले आणि आणले! घरात आधीपासून एक म्हातारी मांजर नांदते आहे, तिचेही काही म्हणणे असू शकेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर तर पिल्लांचा सुकाळच. कोळीवाड्यात जेथे बोंबील वाळत घालतात तेथे मांजरे असायचीच. सुटीला आलेली मुंबई-पुण्याची मंडळी परत जाताना सुकट घेतात, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतात आणि मुलांनी फारच हट्ट धरला तर करंडीत एखादे पिल्लूही घेतात. सुकट सोसायटीतल्या शेजाऱ्यांना चालली नाही तर वाटून टाकता येते. पिल्लाचे तसे नाही. ते चांगले पंधरा वर्षे घरात राहायला आलेले असते.

आमच्या घरी ठकी आहे. वय वर्षे बारा. तिचा सख्खा भाऊ गेल्या वैशाखात गेला. त्यानंतर ठकी जेवेना, रात्री घरभर ओरडत फिरू लागली. सौभाग्यवतींनी निदान केले, ‘‘तिला एकटेपणा खातोय. नवे पिल्लू आणू या.’’ मुलांनी तर नावेही ठरवून टाकली. दारावर येणारी मासळीवाली मावशी टोपली उतरवता उतरवता एवढेच म्हणाली, ‘‘दादा, आधी म्हातारीला विचारलंत का?’’

आता मांजरीला विचारायचे कसे? आपल्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली की होकार. मांजरही कौल देते, पण तो तिच्या शरीरात वाचावा लागतो. म्हणून आम्ही प्रथम ठकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तोंड उघडून पाहिले, तर एक दाढ पार किडलेली! दाढ काढली आणि चार दिवसांत ठकी पुन्हा जेवू लागली. म्हणजे निम्मा शोक दाढेचा होता. वाचकहो, म्हातारे मांजर खाईनासे झाले, वाळू लागले, रात्री ओरडू लागले, तर आधी दात, मूत्रपिंड आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी तपासून घ्या. दुखण्यावर सोबत हे औषध नव्हे.

उरलेला निम्मा शोक मात्र खरा होता. पण तो तिचा किती आणि आमचा किती, हा प्रश्न राहिलाच. मांजर हे मुळात एकट्याने शिकार करणाऱ्या रानमांजराचे वंशज. एका आईची पिल्ले, मायलेकी, बहिणी एकत्र नांदतात. परके मांजर दिसले की हद्दीचा तंटा सुरू. तेव्हा ‘भावाशी जमत होते, म्हणजे कोणाशीही जमेल’ हा हिशेब चुकीचा. थकलेल्या मांजराला कोणीच नको असणे हेही उत्तर असू शकते, आणि ते मानावे. आमची ठकी मात्र दाढ बरी झाल्यावर कुंपणापाशी जाऊन शेजारच्या वाडीतल्या पिल्लांकडे तासन् तास पाहत बसे. कान ताठ, शेपटी स्थिर, गुरगुरणे नाही. हा पहिला कौल आम्ही उजवा धरला.

त्या वाडीत विहिरीजवळच्या खोपीत चार पिल्ले होती. मुलांचे मन बसले ते पिवळ्या बोक्यावर. तो येताच माझ्या धोतरावर चढला, तेथून खांद्यावर आणि खांद्यावरून थेट चुलीकडे! एरवी असले धीट पिल्लू मोठे गोड. पण बारा वर्षांच्या मांजरीच्या शेपटीवर दिवसातून चाळीस वेळा उडी मारणारा पाहुणा तिला कसा सोसावा? पिल्लू आपल्याला आवडते की नाही, हा प्रश्न दुसरा. म्हाताऱ्याच्या स्वभावाला ते मानवेल का, हा पहिला. रंगाला तर काहीच महत्त्व नाही. मात्र गंमत म्हणून सांगतो: काळा, पिवळा आणि पांढरा असे तीन रंग असलेले मांजर बहुतेक वेळा मादीच असते, कारण पिवळ्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते नेमके कोणते, हे अमेरिकेतल्या आणि जपानातल्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केले.

वयाचे म्हणाल, तर दोन ते सात आठवड्यांच्या काळात ज्या पिल्लाला माणसाचा हात लागला ते पुढे माणसाळते. पण म्हणून त्याला तेव्हाच आईपासून तोडू नये. आठ आठवडे तरी, जमल्यास दहा-बारा आठवडे, ते आईजवळ असावे. किती जोराने चावावे आणि केव्हा थांबावे हे आई आणि भावंडेच शिकवतात; ती शाळा आपल्याला चालवता येत नाही.

शेवटी निवड केली सौभाग्यवतींनी, आणि एक नव्हे, दोन! मी डोळे विस्फारले. त्या म्हणाल्या, ‘‘एकच आणलेत तर ते ठकीच्या मागे लागेल. दोघे असले की एकमेकांच्या मागे लागतील.’’ हिशेब बिनतोड होता, आणि जाणकारही तेच सांगतात. म्हणून त्या पिवळ्या वीराला तेथेच ठेवून एक तिरंगी मादी आणि एक करडा बोका, दोघेही जरा शांत, आमच्याकडे आले. दूध आणि मासळी यांचा खर्च वाढेल, अशी हरकत मी घेतली. डॉक्टरांनी ती निकालात काढली: मांजर डोळे मिटून दूध पीत असले तरी मोठेपणी ते बहुतेकांना पचत नाही आणि खारवलेली मासळी त्यांना द्यायचीच नसते. पिल्लांच्या लशी, पुढे तिसऱ्या महिन्यात रेबीजची आणि पाच-सहा महिन्यांनी नसबंदी, हा खर्च मात्र टळत नाही. तो नसेल झेपत, तर पिल्लू आणू नये.

मुरूडचा जंजिरा ठाऊक आहे ना? संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भराव घालून वाट करू पाहिली, तरी तो हाती आला नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात मात्र ओहोटीची वाट पाहिली की कोणीही चालत जातो. म्हाताऱ्या मांजरीकडे जायचे ते असे, ओहोटीने. पिल्लांना पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. रोग असला तर तेवढ्यात कळतो. त्यांच्या गालावरून फडके फिरवून म्हातारीच्या जेवणाच्या थाळीजवळ ठेवावे, आणि तिचे त्यांच्याजवळ. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचे जेवण. मग दार बोटभर उघडे. फुत्कारले तर रागावू नये. ‘दूर राहा’ असे सभ्यपणे सांगायला तिच्याजवळ दुसरा शब्द नाही. मांजरे जितकी त्याहून एक मातीची पेटी जास्त ठेवावी. आणि म्हातारीला पहिला घास, उंच जागा आणि तिची रोजची वेळ यांत काडीचा बदल करू नये.

आणखी एक. हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. या चार दिवसांत नवे पिल्लू आणू नका. फटाक्यांच्या आवाजात आलेले पिल्लू ते घर भीतीचेच समजते. तुळशीचे लग्न होऊ द्या.

ठकीने कौल दिला तो बाविसाव्या दिवशी. पिल्ले ओटीवर एकमेकांना लोळवत होती. ती आली, तिने त्यांच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटले, उघडले आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसली. मुले हिरमुसली, त्यांना वाटले होते ती पिल्लांना चाटील, कुशीत घेईल. मी त्यांना समजावले, ‘‘अरे, मांजर पाठ कोणाकडे करते? ज्याची भीती वाटत नाही त्याच्याकडे.’’ माया अजून जमलेली नाही, कदाचित जमणारही नाही. शेजार मात्र जमला आहे, आणि रात्रीचे ते ओरडणे थांबले आहे.